घोडा बसतो, आणि त्याला बसावेच लागते

'घोडा आयुष्यात कधीच बसत नाही, बसला तर त्याचा अंत जवळ आला असे समजावे. पोनी म्हणजे घोड्याचे पिल्लू. आणि तट्टू म्हणजे दुबळा घोडा' असा मजकूर मोबाइलवर वारंवार फिरत असतो. यातील पहिल्या विधानात थोडे तथ्य आहे, म्हणूनच ते अधिक फसवे आहे.

घोडा उभ्याने डुलकी घेतो, हे खरे. मागच्या पायातील वाटी मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर अडकते आणि स्नायुबंधांच्या आधाराने सांधे जखडले जातात, त्यामुळे फारसे श्रम न होता तो तासन्‌तास उभा राहतो. परंतु ज्या गाढ झोपेत सर्व स्नायू सैल पडतात, ती झोप उभ्याने पुरी होत नाही. तिच्यासाठी अंग जमिनीला टेकावेच लागते. ही झोप दिवसाकाठी साधारण अर्धा ते एक तासच असते आणि बहुतेक रात्री तुकड्यातुकड्यांनी होते, म्हणून दिवसा तबेल्यात डोकावणाऱ्याला ती सहसा दिसत नाही. जागा अरुंद असल्यामुळे किंवा सांधे दुखत असल्यामुळे ज्याला अनेक दिवस बसता येत नाही, तो घोडा पेंगत असताना पुढच्या पायांवर कोसळतो आणि त्याचे सांधे सोलवटतात. म्हणजे काळजी बसणाऱ्याची नव्हे, न बसणाऱ्याची करायला हवी. मात्र घोडा सारखा लोळत असेल, घामाघूम होऊन कुशीकडे वळून पाहत असेल, तर तो पोटशूळ असू शकतो आणि पशुवैद्याला तातडीने बोलवावे. कदाचित या लक्षणावरूनच अंत जवळ आल्याची समजूत रूढ झाली असावी.

दुसरे विधान तर सरळ चूक आहे. पोनी कितीही वाढले तरी मोठा घोडा होत नाही, कारण ते पूर्ण वाढलेलेच जनावर असते; आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा स्पर्धांत नालाविना 148 सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या घोड्याला पोनी मानतात. अकरा महिन्यांच्या गर्भारपणानंतर जन्मणाऱ्या शिंगराचे पाय धडाच्या मानाने फार लांब असतात, उलट पोनीचे पाय आखूड व धड भरदार असते, त्यामुळे नीट पाहणाऱ्याचा घोटाळा होण्याचे कारण नाही.

तिसरे विधान तट्टाच्या दुबळेपणाचे. तट्टू म्हणजे बुटका घोडा, पण उंचीवरून ताकद ठरवणेही तितकेच अनाठायी आहे. इंग्लंडच्या कोळसा खाणींत जमिनीखाली गाड्या ओढण्यासाठी शेटलंडची बुटकी तट्टे राबवली गेली, मणिपुरात पोलोसाठी आजही तेथलीच लहान तट्टे वापरतात आणि आपल्याकडे भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टू धनगरांच्या भटकंतीत बिऱ्हाडाचा भार वाहत आले आहे. कमी चाऱ्यावर तग धरणे हा अशा जनावरांचा गुण असतो, आणि त्यामुळेच त्यांना भरपूर धान्याचा खुराक दिला तर ती लठ्ठ होऊन त्यांच्या खुरांना आतून सूज येते व ती लंगडू लागतात.