शेजारी मॉल येतोय? मग हरकत अशी घ्या

सोसायटीला लागून जो मोकळा प्लॉट होता, जिथे पोरं क्रिकेट खेळायची, तिथे एका रात्रीत पत्रे ठोकलेत ना? घाबरू नका. पत्रे लागले म्हणजे जे ठरायचं ते ठरून झालंय, तुम्हाला आता फक्त सहभाग नोंदवायचाय.

आधी हे डोक्यातून काढा की दुकानं, हॉटेलं काढताना शेजाऱ्यांना विचारतात. बांधकाम परवानगी ही महापालिका आणि अर्जदार यांच्यातली गोष्ट, नवरा-बायकोच्या बोलण्यात आपण कशाला कान लावायचे? 1966 चा नगररचना कायदा आहे, त्यातलं कलम 45 सवडीने वाचा, करमणूक होते. अर्जावर 60 दिवसांत ऑफिसने काही कळवलंच नाही तर परवानगी मिळाली असं समजायचं (प्लॅन नियमात बसत असला तर, एवढी एक अट आहे). नाकारली तर कलम 47 खाली 40 दिवसांत सरकारकडे अपील, पण ते फक्त अर्जदाराला, तुम्ही फार तर हायकोर्टात जा. आणि तुमच्या पत्रावर ऑफिस 60 दिवस गप्प बसलं तर काय समजायचं? गप्प बसलंय असं समजायचं.

हां, प्लॉटवर बागेचं किंवा शाळेचं आरक्षण असेल तर तुमची चैन आहे राव. ते उठवायचं तर कलम 37 खाली विकास आराखड्यात फेरबदल करावा लागतो, त्यासाठी राजपत्रात नोटीस काढून हरकती-सूचना मागवतात, मुदत एक महिना. राजपत्र तुम्ही रोज चहाबरोबर वाचतच असाल. पेपरात जाहिरात आली तरी त्यात सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर असतो, "तुमच्या बाल्कनीसमोर" असं लिहायची पद्धत नाही.

हरकत लिहिताना भावना ओता. आमच्या लहानग्यांचा विचार व्हावा, ज्येष्ठांना त्रास होईल, आपणांस नम्र विनंती वगैरे. रस्ता मात्र चुकूनही मोजू नका, कारण एफएसआय (प्लॉटवर किती बांधायचं) किती, टीडीआर (दुसरीकडून आणलेला बांधकामाचा हक्क) किती, दुकानं चालणार की नाही हे 2020 च्या युनिफाइड डीसीआरमध्ये, म्हणजे बांधकामाच्या नियमावलीत, बरंचसं रस्त्याच्या रुंदीवर आहे आणि तुम्ही टेप घेऊन गेलात आणि प्लॅनवर 12 मीटरचा असलेला रस्ता पानटपरीपासून गटारापर्यंत साडेआठच भरला तर उगाच कोणाचा तरी मूड जायचा.

बारनिशीत (जिथे ऑफिसात येणारे अर्ज घेतात) अर्ज देऊन पोच घ्या. शिक्का असा उमटतो की तारीख सोडून सगळं वाचता येतं. लॅमिनेट करून ठेवा.

मग सुनावणी. अकराला बोलावतील, साहेब मीटिंगला असतील, दीडच्या सुमाराला तुम्हाला दोन मिनिटं मिळतील, त्यातलं एक माइक चालू आहे का बघण्यात जाईल. "नोंद घेतली" म्हणाले की खूश व्हा आणि हजेरीच्या कागदावर सही करा. सही ठसठशीत करा हां, कारण "नागरिकांना सुनावणीची संधी देण्यात आली" हे फाइलमधलं वाक्य त्याच सहीवर उभं राहणार आहे, तुम्ही आलाच नसतात तर बिचाऱ्यांची पंचाईत झाली असती.

नगरसेवकालाही भेटा. पुण्या-मुंबईत 2022 पासून प्रशासक होते त्यामुळे जवळपास चार वर्षं हा हेलपाटा वाचला होता, जानेवारी 2026 मध्ये निवडणुका झाल्या, आता पुन्हा सोय झालीय. ते येतील, पत्र्यांसमोर फोटो काढतील, मी तुमच्याबरोबर आहे म्हणतील. कुठे ते विचारू नका.

सोसायटीच्या ग्रुपवर तर विरोधच करायचा, पण त्याच संध्याकाळी ब्रोकरला फोन करून मॉल झाल्यावर आपल्या टू बीएचकेला काय भाव येईल हे विचारून ठेवायलाही हरकत नाही, ग्रुपवरच्या बाकीच्यांनी दुपारीच विचारलेलं असतं.

एवढं करूनही रूफटॉप हॉटेल निघालंच तर आवाज मोजायचं ॲप डाउनलोड करा. 2000 सालच्या नियमाप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात 45 डेसिबल चालतो आणि व्यापारी भागात 55, तेव्हा जागा व्यापारी धरली की तोच ढोल-बेस वरचे दहा डेसिबल अगदी कायदेशीर वाजवू शकतो, तुमची उशी कुठल्या झोनमध्ये येते ते तुम्ही बघा. रात्री साडेबाराला फोन लावलात तर कोणीतरी उचलेलही. तक्रार लेखी द्या म्हणतील, कार्यालयीन वेळेत, आणि येताना मागच्या अर्जाची पोच आणा.