नवतप्यात कूलर काढला

पैसे १६ जीबी रॅमचे दिले होते. कॉम्प्युटर ८ च कबूल करत होता.

आमचे बाबा आयुष्यभर ऑडिटमध्ये होते. त्यांनी एका हातात बिल धरलं आणि पडद्यावरच्या आकड्याखाली बोट ठेवलं. "काऊन रे, बिलात आठ-आठच्या दोन पट्ट्या आहेत. हा एकच दाखवून राहिला. दुसरी कुठी गेली?"

दुसरी समोरच होती, चौथ्या खाचेत. मला दिसत होती, बाबांना दिसत होती, विरजण मागायला आलेल्या शेजारच्या काकूंनाही दिसली. कॉम्प्युटरला तेवढी दिसत नव्हती.

सुटे भाग आणून घरी जोडलं की स्वस्त पडतं, हे घरात मीच पटवलेलं. त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते भाजून काढणारे नऊ दिवस, लागलेला, पारा ४५ च्या वर, खिडकीत कूलर धडधडतोय आणि मी रॅमचे सोनेरी दात खोडरबरानं घासत बसलेलो. (हा उपाय प्रत्येक जण सांगतो. फरक पडला तो फक्त खोडरबराला.) एका काकांनी फोनवर निदान केलं, "विंडोज चारच्या वर मोजतच नाही." काका अजून ३२-बिटच्या जमान्यात होते. ३२ बिटांत जेमतेम ४,२९,४९,६७,२९६ पत्ते मावतात, म्हणजे ४ जीबी, हे खरं. पण माझी विंडोज ६४-बिट, आणि विंडोजच्या आधी जागा होणारा मशीनचा आपला प्रोग्राम, बायोस, तोसुद्धा ८ च सांगत होता. म्हणजे विंडोज उठायच्या आधीच चोरी झाली होती.

मग पट्ट्यांची उलटतपासणी. पहिली एकटी दुसऱ्या खाचेत घातली: ८. दुसरी त्याच खाचेत: ८. दोघी धडधाकट. पण कुठलीही एकटी तिसऱ्या किंवा चौथ्या खाचेत घातली की काळा पडदा. प्रोसेसरजवळच्या दोन खाचा एका चॅनेलच्या, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या एका वाटेच्या, लांबच्या दोन दुसऱ्याच्या. हा दुसरा चॅनेलच अख्खा मुका.

शेवटी आमच्या नागपूरच्या बर्डी बाजारातल्या एका दुकानातल्या पोराला फोन लावला, स्पीकरवर.

"भाऊ, कूलर लय टाइट केला असन तुमी. काढा अन् पुन्हा बसवा."

बाबा ताडकन उठून खिडकीशी उभे राहिले, पाठीमागे हात पसरून. "नवतप्यात कूलर कोणी काढते का बे?"

त्यांची चूक नाही. नागपुरात कूलर एकच: पत्र्याचा, खसच्या ताट्यांचा, सकाळ-संध्याकाळ पाइपानं भरायचा. प्रोसेसरच्या डोक्यावरही एक कूलर बसतो, हे समजावण्यात दहा मिनिटं गेली.

"पाणी किती बसते त्यात?"

"यात पाणी नसतं, बाबा."

"मंग तो कूलर कसला?"

दोष माझाच होता. नागपूरच्या उन्हाच्या धास्तीनं मी त्याचे स्क्रू दात-ओठ खाऊन पिळले होते. तेही एकेक करून, पहिला पार शेवटपर्यंत. प्रोसेसर खाली हजारावर केसाएवढ्या पिनांवर टेकलेला असतो. एका कोपऱ्यात जास्त दाबला की दुसरीकडच्या काही पिना त्याला धड शिवत नाहीत, आणि त्या पिना रॅमच्या चॅनेलच्या निघाल्या की पट्टी गायब. स्टेपनी लावताना नट कसे समोरासमोरचे, थोडे थोडे कसतात, तसंच इथंही करायचं असतं. स्टेपनीचं मला ठाऊक होतं. रॅमला चाक नसल्यानं आठवलं नाही.

प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, स्क्रू आलटून-पालटून कसले, अर्धा आटा कमीच ठेवला. बटण दाबलं.

१६.० जीबी! आणि शेजारी बारीक अक्षरात: वापरण्याजोगी १५.८.

बाबांना हाक मारली. ते बिल घेऊनच आले.

"पॉइंट दोन?"

"ते ग्राफिक्सनं स्वतःसाठी काढून ठेवलंय."

"कोणाला विचारून?"