‘आधी जीव, मग मूल’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण तिच्यातली काळजी खरी आहे. तुमचं म्हणणं असं: तिशीच्या आतल्या मुलीला स्तनाचा कॅन्सर निघाल्यावर केमोच्या माऱ्यातून वाचवायला आधी बीजांडं गोठवत बसणं म्हणजे वेळ दवडणं, हार्मोनची इंजेक्शनं म्हणजे आगीत तेल, आणि पुढे दिवस राहिले तर आजार उलटणारच; त्यापेक्षा गोसेरेलिन द्यावं.

आधी वेळेचं बघू. ऑपरेशन झालं की जखम भरून केमो सुरू व्हायला काही आठवडे जातातच. बीजांडं काढायला लागतात सुमारे दोन आठवडे. पाळीची वाट बघायची गरज नाही, कुठल्याही दिवशी सुरुवात करता येते. १० ते १२ दिवस रोज इंजेक्शन, अधूनमधून सोनोग्राफी, शेवटी ट्रिगर, म्हणजे बीजांडं पिकवणारं शेवटचं इंजेक्शन, आणि त्यानंतर ३५-३६ तासांनी थोडी भूल देऊन सुईने बीजांडं काढतात. ऑपरेशनआधीच केमो द्यायची असेल तर मात्र हे सगळं स्कॅन-तपासण्या चालू असतानाच उरकावं लागतं. घोळ होतो तो बीजांडं गोठवणाऱ्या डॉक्टरांकडे जायची चिठ्ठी उशिरा मिळाल्याने. केमोची तारीख लागल्यावर कुणाला तरी आठवतं! ‘एक केमो होऊ दे, मग बघू’ हे तर नकोच; तोवर वाढीला लागलेल्या बीजांडांना औषधाचा मार बसलेला असतो.

हार्मोनची भीती अनाठायी नाही. म्हणूनच या रुग्णांना इंजेक्शनांबरोबर लेट्रोझोल नावाची गोळी देतात, बहुधा रोज ५ मिलिग्रॅम. त्याने इस्ट्रोजेन फार चढत नाही. ट्रिगरला एचसीजी या नेहमीच्या हार्मोनऐवजी ल्युप्रोलाइडसारखं औषध वापरलं की ओव्हरी सुजून केमो लांबण्याचा धोकाही बराच कमी होतो.

तुम्ही सुचवलेलं गोसेरेलिन, म्हणजे केमोच्या काळात ओव्हरीला झोपवून ठेवणारं इंजेक्शन (३.६ मिलिग्रॅम, दर २८ दिवसांनी, पहिलं केमोच्या निदान आठवडाभर आधी) जरूर द्यावं. पण ते जोडीला. गोठवण्याऐवजी नाही.

गरोदरपणाबद्दल २०२३ मध्ये ‘पॉझिटिव्ह’ चाचणीचे निष्कर्ष आले. हार्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरच्या पाचशेवर स्त्रियांनी १८ ते ३० महिने हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या घेऊन मग मुलासाठी त्या थांबवल्या. तीन वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण ८.९ टक्के, तुलनेच्या गटात ९.२. तीन वर्षं हा काळ या कॅन्सरसाठी थोडा आहे, हे मान्य. आणि टॅमॉक्सिफेन (याच गोळ्यांपैकी एक) बंद करून तीन महिने जाऊ द्यावे लागतात, बाळंतपणानंतर गोळ्या पुन्हा सुरू कराव्या लागतात. दुसरी गोष्ट हमखास राहून जाते.

लग्न झालेलं नसेल तर बीजांडंच गोठवावीत. भ्रूणावर दोघांचा हक्क येतो. पुढे नातं तुटलं तर तिच्या हातात काहीच उरत नाही.

एका ठिकाणी तुमचं सोळा आणे बरोबर: तीव्र ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर. तिथे केमो दिवसांत सुरू करावी लागते, प्लेटलेट कमी असताना सुई घालणं धोक्याचं, आणि ओव्हरीचा तुकडा गोठवला तर त्यातून कॅन्सरच्या पेशी परत जाऊ शकतात. अशा मुलीची बरी झाल्यावर एएमएच ही बीजांडांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी करावी. पाळी परत आली म्हणून बीजांडांचा साठा शाबूत आहे असं धरून चालू नये.