मॅंटिस श्रिम्प दिसताक्षणी मारावा का?

पुण्यात खाऱ्या पाण्याची टाकी बाळगणाऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. मॅंटिस श्रिम्प ही कोळंबी माणसाच्या दसपट रंग पाहते, तिचा ठोसा बंदुकीच्या गोळीच्या वेगाने बसतो, त्याने कुठल्याही टाकीची काच फुटते, म्हणून टाकीसाठी आणलेल्या समुद्री खडकात लपून ती घरात आलीच तर दिसताक्षणी मारावी, असे त्यात म्हटले आहे. या शेवटच्या सल्ल्यामुळेच हे उत्तर लिहीत आहे.

मुळात हा प्राणी कोळंबी नव्हे. कोळंबी आणि खेकडा दशपाद गणातले, तर हा स्टोमॅटोपोडा या वेगळ्या गणातला आहे.

दसपट रंगांचा दावा वरवर पटण्याजोगा आहे, कारण माणसाच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात आणि याच्या काही जातींत त्या बारा प्रकारच्या आढळतात. परंतु 2014 साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, खाण्याचे आमिष दाखवून या प्राण्यांना रंग ओळखायला शिकवल्यावर असे दिसले की, दोन रंगांच्या तरंगलांबीत सुमारे 12 ते 25 नॅनोमीटरपेक्षा कमी फरक असला की त्यांचा गोंधळ उडतो, माणसाला मात्र 1 ते 4 नॅनोमीटरचा फरकही कळतो. त्याचे खरे वैभव निराळे आहे. वर्तुळाकार ध्रुवीकृत प्रकाश, म्हणजे ज्याच्या लहरी मळसूत्रासारख्या फिरत पुढे जातात असा प्रकाश, आपल्याला वेगळा ओळखता येत नाही, याला येतो.

गोळीची तुलना वेग आणि त्वरण (वेग किती झपाट्याने वाढतो ते) यांच्या गल्लतीतून आली आहे. मोर मॅंटिस या रंगीबेरंगी, हातोड्यासारख्या पायाने ठोसा मारणाऱ्या जातीचा ठोसा सेकंदाला सुमारे 23 मीटर, म्हणजे ताशी 80 किलोमीटरच्या आसपास जातो. द्रुतगती मार्गावरच्या मोटारी याहून वेगाने धावतात. थक्क करणारे आहे ते त्याचे त्वरण. पायातली खोगिराच्या आकाराची स्प्रिंग ताणून अडकवलेली असते आणि ती सुटताच पाय इतक्या झपाट्याने पुढे येतो की पाण्यात बुडबुडे तयार होऊन फुटतात, त्यामुळे शिंपल्याला पाठोपाठ दुसरा तडाखाही बसतो.

काच फुटल्याची घटना खरी आहे. 1998 मध्ये इंग्लंडमधील ग्रेट यार्मथच्या मत्स्यालयात ती घडली. पण त्यावरून ‘कुठल्याही टाकीची काच’ असे म्हणता येत नाही. वाळूत किंवा चिखलात राहणाऱ्या अनेक जाती भाल्यासारख्या काटेरी पायांनी भक्ष्य टोचतात, त्यांच्याकडे ठोसा मारणारा हातोड्यासारखा पाय नसतोच. खडकातून नकळत येणारे प्राणी बहुधा काही सेंटिमीटरचेच असतात. 18 सेंटिमीटरपर्यंत वाढणाऱ्या मोर मॅंटिससाठी मात्र जाड ॲक्रिलिकची टाकीच घ्यावी.

कोथरूडमध्ये एका स्नेह्यांच्या घरी मी असा मोर मॅंटिस पाहिला आहे. हिरवे अंग, तांबडे पाय, पाठीच्या कवचाच्या बाजूंना बिबट्यासारखे ठिपके, आणि देठांवरचे दोन डोळे एकमेकांशी संबंध नसल्यासारखे फिरणारे. संध्याकाळी त्याने प्रवाळाचे तुकडे एकेक करून ओढले आणि बिळाचे तोंड आतून बंद केले. हिंद-प्रशांत महासागरातील प्रवाळ खडकांच्या कडेला तो असेच बीळ करून राहतो, म्हणून टाकीत भरपूर खडी आणि वाकवलेली पीव्हीसी नळी ठेवावी. मासे किंवा गोगलगायी सोबत ठेवू नयेत, त्या त्याचे खाद्य होतील. कात टाकण्याच्या वेळी तो बिळात दडून उपाशी राहतो. तेव्हा उकरून पाहू नये. एप्रिलच्या पुणेरी उन्हाळ्यात चिलर (पाणी थंड ठेवणारे यंत्र) नसेल तर पाणी 25–26 अंशांवर राखणे अवघड जाते.

खडकात असा पाहुणा सापडला, तर तो खडक उचलून टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत ठेवावा. हात न घालता लांब चिमट्याने काम करावे, कारण त्याच्या फटक्याने बोट फाटू शकते. मग त्याला स्वतंत्र, लहानशा खाऱ्या टाकीत सोडावे.