चार दिवसांचा बारगीर

मराठी फौजेत स्वार दोन तऱ्हेचे. स्वतःचं घोडं घेऊन यायचा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसायचा तो बारगीर. तिसरा प्रकार बखरकारांच्या नजरेतून निसटला, तो म्हणजे मी. मालक केरळात, त्याचे तीन घोडे माझ्या गळ्यात. बसायचं नाही, फक्त सांभाळायचं. शिवकालीन पागेत 25 घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि एक नालबंद असे. इंदूरच्या बायपासपलीकडच्या तबेल्यात तिघांमागे घोड्यांची निगा राखणारा एक साईस असतो, आणि मालक निघाला की नेमकं साईसाच्या मेहुण्याचं लग्न निघतं.

निघताना मालक म्हणतो, ‘‘काही नाही हो, नुसतं गवत टाकायचं.’’ घोडं पेंड खातं ते इथंच. गवत किती? ‘‘दोन पेंढ्या.’’ पेंढी कुणाच्या हातची बांधलेली? चंदी, म्हणजे दाणा, किती? ‘‘एक डबा.’’ डबाभर ओट हलके, तोच डबाभर हरभरा चांगलाच जड. डबा तोच आणि पोटाचं वाटोळं. म्हणून मी प्रवासाच्या बॅगा तोलायचा लटकता काटा खिशात ठेवतो आणि मालकासमोरच सगळं किलोत लिहून घेतो. घोड्याचं वजन ठाऊक नसेल तर टेप काढायची: छातीच्या घेराचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या (ढुंगणाच्या) टोकापर्यंतची लांबी, भागिले 11,880. दोन्ही मापं सेंटीमीटरमध्ये, उत्तर किलोत. घेर 165, लांबी 155, तर घोडा साधारण 355 किलोचा. त्याला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा, म्हणजे सव्वापाच ते सात किलो. दोन पेंढ्यांत हे बसतं की नाही ते काटा सांगतो, मालक सांगू शकत नाही.

घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं? फिरवलं नाही म्हणून. भाकरीचं आणि पानाचं घरचे जाणोत, घोड्याचं शब्दशः खरं आहे. कामाचा घोडा दोन दिवस नुसता उभा ठेवला, चंदी मात्र पूर्ण घातली आणि तिसऱ्या दिवशी दौडवला, की मागच्या मांड्या लाकडासारख्या आखडतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते आणि घोडा जागचा हलत नाही. मी स्वारी करणार नसतो. तेव्हा पहिल्याच दिवशी चंदी निम्म्यावर, गवत तेवढंच, आणि सकाळ-संध्याकाळ अर्धा तास हातानं फिरवणं. दोरी मनगटाला गुंडाळायची नाही. घोडा बुजला तर तो जाईल तिथं आपणही जातो, आणि तो रस्ता बघून जात नाही. नवीन खाद्य तर मुळीच नको; आतड्यातल्या जिवाणूंना सवय व्हायला 7 ते 10 दिवस लागतात, माझी नेमणूक चारच दिवसांची.

हे इंदुरी शेजाऱ्याला पटवणं अवघड. ‘‘भिया, कालच्या लग्नातल्या पुऱ्या उरल्या आहेत, घोड्यांना टाका ना!’’ घोड्याला उलटी करता येत नाही. आत गेलेलं पुढेच सरकणार, नाहीतर अडणार. म्हणून चंदीच्या खोलीला कडी नाही, कुलूप. सुटलेला घोडा रात्रीत पोतं फस्त करतो. त्यानं पोट तर धरतंच, वर खुरांना सूज येऊन तो कायमचा लंगडू शकतो.

यामुळे माझं मुख्य काम लीद मोजणं. 2017पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहरात एक सुशिक्षित माणूस पहाटे विजेरी घेऊन लिदीची मोजदाद करतो, हे कुणाला सांगायची सोय नाही. धडधाकट घोडा दिवसाला 8 ते 12 वेळा लीद टाकतो. आकडा घसरला, घोडा पोटाकडे वळून बघू लागला, पुढच्या पायानं जमीन उकरू लागला, की ती कुरकुरी. डॉक्टर कोलिक म्हणतात. गवत-चंदी लगेच बाहेर. जबड्याच्या आतल्या कडेला बोटं ठेवून नाडी 15 सेकंद मोजायची, चारनं गुणायची. स्वस्थ उभ्या घोड्याची 28 ते 44. साठीच्या वर गेली तर डॉक्टर आत्ताच, चहा नंतर. जमलेली मंडळी तोवर मोहरीचं तेल पाजायला सांगतात. तोंडातून ओतलेलं तेल फुप्फुसात उतरतं आणि एका दुखण्याची दोन होतात. डॉक्टर नाकातून नळी घालतात, ती त्यांचीच विद्या.

डॉक्टर आले की विचारतात, ‘‘निर्णय कोण घेणार?’’ मालकाचा फोन बंद. चिठ्ठीवर दुसरा नंबर बायकोचा, आणि ती त्याच विमानात, शेजारच्या सीटवर!

माझी सगळी तक्रार हीच. पर्याय ठेवतात सगळे, पण एकाच खुंटीला टांगून. पाण्याला बोअर, बोअरला मोटर, आणि वीज गेली तर डॉक्टरला बोलवायचा मोबाइल चार्ज होणार त्याच मीटरवर. मे महिन्यात एका घोड्याला रोज 40 लिटरच्या वरच लागतं. तिघांचे दोन दिवसांचे निदान 240. म्हणजे 200 लिटरचे दोन पिंप आधीच भरलेले, झाकलेले हवेत. कुलपाची दुसरी किल्ली खोलीच्या आत टांगलेली मी पाहिली आहे.

तेव्हा दुसरा नंबर अशा माणसाचा हवा जो गावातच राहतो, कुणाच्या वरातीत नाही, आणि ज्याला मालकानं लेखी सांगितलंय की अमुक रुपयांपर्यंत न विचारता खर्च कर, शस्त्रक्रियेला हो म्हण किंवा नको म्हण, आणि घोडा वाचणारच नसेल तर त्याला किती तळमळू द्यायचं. हे शेवटचं विचारलं की मालकाचा चेहरा पडतो. पडू द्यावा. रात्री दोनला पडण्यापेक्षा दुपारी चारला पडलेला बरा. घोडे वाहून नेणाऱ्या गाडीवाल्याचा नंबरही त्याच कागदावर, आणि घोडा रॅम्प चढतो की नाही हे आधी करून बघितलेलं. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय राऊच्या पुढे, जवळच. पण गाडीत न चढणाऱ्या घोड्याला महू आणि मुंबई सारखीच लांब.

त्याच कागदावर घोड्यांचे फोटो. ‘‘औषध कुमैताला द्या’’ म्हणून मालक जातो, आणि दावणीला कुमैत, म्हणजे तांबूस अंगाचे नि काळ्या आयाळीचे, दोन. ‘‘डाव्या पायाला पांढरं आहे तो.’’ त्याचं डावं की समोर उभ्या माझं?

चौथ्या रात्री मालक परततो. लिदीचा तक्ता, काट्याच्या नोंदी, उरलेल्या चंदीचा हिशोब मी हातात धरून उभा असतो. तो थेट आत जातो, आयाळीतून हात फिरवतो आणि कळवळून विचारतो, ‘‘फार त्रास झाला का रे?’’

घोड्याला.