तारे गेले कुठे?

परत तेच! लग्नाचे 2,800 रॉ फोटो, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेले, प्रक्रिया न केलेले. दोन रात्री जागून एकेक बघितला, पसंतीप्रमाणे एक ते पाच तारे दिले. अंतरपाट दूर झाला त्या क्षणाच्या नऊ फ्रेम्स, त्यातल्या एकीतच नवरीचे डोळे उघडे आणि मागे उभ्या मामांचे भरून आलेले. तिला पाच तारे. आज एडिटिंगच्या मशीनवर फोल्डर उघडला तर सगळे फोटो कोरे!

कारण काय, तर कॉपी करणाऱ्यांनी फक्त रॉ फाइल्स उचलल्या आणि लॅपटॉपवरचा मूळ फोल्डर पुसून मोकळे. अरे, सॉफ्टवेअरमध्ये दिलेले तारे सहसा रॉ फाइलमध्ये नसतात! शेजारी त्याच नावाची एक्सएमपी फाइल असते, तिच्यात असतात. इवलीशी, काही केबींची. माझ्या दोन रात्री तिच्यात होत्या. किती वेळा सांगायचं, अख्खा फोल्डर उचला म्हणून?

मागच्या वेळी तर तारे नुसते कॅटलॉगमध्येच, म्हणजे सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या नोंदवहीतच अडकलेले, एक्सएमपी लिहायची सेटिंगच बंद. ती मुळात बंद का असावी? माणसाची मेहनत आपोआप जपली गेली पाहिजे. फोटो निवडताना लावतो त्या रंगीत लेबलांचंही तसंच. लेबल म्हणजे आत लिहिलेला एक शब्द. एका सॉफ्टवेअरने ‘रेड’ लिहिलं, दुसऱ्याला ‘सिलेक्ट’ हवं, की लाल रंग गायब.

नवरीच्या आईचा दोनदा फोन येऊन गेला. मी त्याच नऊ फ्रेम्स झूम करून डोळे तपासत बसलोय.