अहो, स्मशान आहे ते!

अथेन्सच्या केरामिकोस या प्राचीन दफनभूमीत या वेळीही तेच! कुणी समाधीच्या कट्ट्यावर बसून सँडविच खातंय, कुणी कोरीव शिळेला रेलून सेल्फी काढतंय. तिथे डेक्सिलेओसचं स्मारक आहे. इ.स.पू. 394 मध्ये लढाईत पडलेला घोडेस्वार, जेमतेम 20 वर्षांचं पोर! त्याच्यासमोर खिदळायचं? मेट्रोच्या खोदकामात याच स्मशानाच्या कडेला प्राचीन काळच्या साथीत गेलेल्यांचं सामूहिक दफन सापडलं. त्यात 11 वर्षांची मुलगीसुद्धा होती. हे ऐकायला कुणाला वेळ आहे? गाइडनं 15 मिनिटं दिली, ती फोटोंतच संपली! तुमच्या आजोबांच्या समाधीवर कुणी असं बसलेलं चालेल? आणि तिथला एरिडानोसचा ओढा अजून वाहतोय, तर माझ्या डोळ्यांदेखत कुणीतरी त्यात बाटली फेकली!